नासपतीच्या पेटीवरची गाठ

"नासपती गोड निघाल्या ना, कागेयामा सेन्सेईंकडं पाठवलेल्या?" सफरचंदं कागदात गुंडाळता गुंडाळता फळवाले ताबेसान म्हणाले, आणि ओरिएचा पाकिटाकडे गेलेला हात तिथंच राहिला. तिला वाटलं, ते दुसऱ्या कुणाशी बोलताहेत. तिनं मागं वळूनही पाहिलं. छपराखालच्या बाजारपेठेत नुकतंच पाणी मारलं होतं, आणि पलीकडचा चपलांचा दुकानदार एकटाच फळ्या काढत होता. "कुठल्या नासपती?" तिनं विचारलं. "घ्या! म्हणजे आईंनी तुम्हालाही पत्ता लागू दिला नाही?" ताबेसान हसले. त्यांचा एक दात सोन्याचा होता. "गेल्या महिन्यात स्वतः येऊन पेटी भरून घेतली. एकेक फळ देठापासून तपासलं. तुमच्या आईंपुढं आम्ही फळवाले कसले! आणि फळांच्या पेट्या बहुधा आजारातून उठलेल्यांच्याच, म्हणून मी आपला सवयीनं न सुटणारी गाठ मारायला गेलो, तर म्हणाल्या, नाही ताबेसान, फुलाची मारा, सुटणारी. म्हटलं, खुशीचं काहीतरी दिसतंय. नुसत्या हसल्या. तुम्हाला सुलेखन शिकवायचा परवाना मिळाला ना सेन्सेईंकडून? लपवू नका हं, आम्हाला मिठाई नको, नुसतं सांगा तरी." ओरिए हसली. आपण हसलो याचं तिला दुकानातून बाहेर पडल्यावर आश्चर्य वाटलं. चेहऱ्याला सवयी असतात, माणसाला न विचारता तो त्या पाळतो.

बाबांच्या फोटोपुढं ठेवायला आईनं सफरचंदं आणायला सांगितली होती. पिशवी घेऊन ती पुलाकडं चालू लागली. वकीलबाईंच्या ऑफिसात जायला अजून वेळ होता. पुलाखाली तळ्याचं पाणी समुद्राकडं जात होतं की समुद्राचं आत येत होतं ते कळत नव्हतं. या गावात ते कधीच नीट कळत नाही. शिंपले काढणाऱ्या होड्या लांबवर एका ओळीत उभ्या होत्या. ती कठड्याला टेकली आणि गाठीचा विचार करू लागली. लहान असताना, नववर्षाच्या भेटवस्तूंच्या वेळी, आईनं तिला समोर बसवून लाल-पांढऱ्या दोरीच्या दोन गाठी शिकवल्या होत्या. एक मुलींच्या रिबिनीसारखी फुलाची. टोक ओढलं की सुटते, पुन्हा बांधता येते. बारसं, नवं वर्ष, परीक्षेतलं यश, जे जे पुन्हा पुन्हा यावं त्याला ही गाठ. दुसरीची टोकं ताठ वर जातात, ओढावं तितकी ती आवळते. लग्न, मरण, आजारातून उठणं, जे पुन्हा येऊ नये त्याला ती. "परत यावंसं वाटतं ते सुटणाऱ्या गाठीत," आई म्हणाली होती, "आणि परत यायला नको ते न सुटणाऱ्या." गल्लीतल्या बायका आजही कुणाकडं काही पाठवायचं झालं की आधी आईला विचारायला येतात. आईनं सवयीनं भेट पाठवली असेल. आलेल्या भेटीची निम्म्या किमतीची परतभेट पाठवल्याशिवाय आईला झोप लागत नाही, हे खरं आहे. पण गाठ? गाठीत आई चुकत नाही. निदान गाठीत तरी नाही. की आपणच फार अर्थ काढतो आहोत? ओरिएला नेहमी असंच वाटे. ती शहराच्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं दुरुस्त करायची. फाटलेल्या पानामागं पातळ कागद लावताना हाताखालचे सहकारी म्हणत, कादोवाकीसान, झालं की, किती बघताय, आणि ती तरीही पान उजेडापुढं धरून बघत राही. जुलैतली ती संध्याकाळही ती तशीच उजेडापुढं धरून बघत आली होती. इतकं बघितलं की एखाद्या दिवशी ते पान कोरंच वाटे.

कागेयामा सेन्सेई हात धरून शिकवत. सगळ्यांनाच, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. ब्रशनं लिहायला शिकायचं तर शिक्षक मागं बसतो, आपल्या हातावर हात ठेवतो, आणि रेघ कुठं दाबायची, कुठं उचलायची हे मनगटाला कळतं. तोंडानं सांगून ते कळत नाही. इतकी वर्षं तो हात तिच्या हातावर आला होता. कोरडा, शाईचा आणि डासांच्या उदबत्तीचा वास येणारा हात. त्याला माणूस जोडलेला आहे हे तिला जवळजवळ जाणवतच नसे. हेमंतातल्या प्रदर्शनासाठी ती मोठ्या कागदावर लिहीत होती. बाकीचे गेले होते. जमिनीवर काळी लोकर अंथरलेली, त्यावर कागद, ती गुडघ्यांवर. सेन्सेई मागं येऊन बसले. उजवा हात हातावर आला. उभी रेघ सुरू झाली. आणि रेघ अर्ध्यावर असताना डावा हात तिच्या कॉलरमधून आत गेला. उजवा थांबला नाही. हेच तिला पुढं कुणाला सांगता येईना: उजवा हात शिकवतच होता. "श्वास सोडा," सेन्सेई रोजच्याच आवाजात म्हणाले. "मनगट सैल." आणि ओरिएनं श्वास सोडला. तिनं मनगट सैल सोडलं. रेघ पूर्ण झाली. ती रेघ सुंदर आली होती. मग कुठंतरी आत काहीतरी उलटलं, तिनं हात झटकला, ब्रश तिच्याच मानेवर आपटला, आणि कॉलरवरून छातीपर्यंत शाई ओघळली. "अरेरे," सेन्सेई म्हणाले, "घाई केलीत." सायकलवरून घरी येताना तिच्या मनात हेच येत होतं, की आपण घाई केली का.

आई शिंपले धूत होती. पाण्यात ते एकमेकांवर घासताना होणारा आवाज ओरिएला अजून ऐकू येतो. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं, सगळं, डाव्या हाताचंसुद्धा. मध्येच आईनं गॅस बंद केला. ती बराच वेळ तिच्या कॉलरकडं बघत राहिली. "काढ तो सदरा," ती म्हणाली, "वाळायच्या आत." भांड्यातला शिजलेला भात मूठभर घेऊन तिनं कॉलरवर चोळला. या गावात शाईचा डाग असाच काढतात. भाताची शितं शाई ओढून घेतात, काळी होतात, मग दुसरी मूठ. आई वाकून चोळत होती, नळ वाहत होता, सिंकमध्ये काळ्या शितांचा ढीग साचत होता. ओरिए आतल्या कपड्यांवर, हात पोटाशी धरून, शेजारी उभी होती आणि तिला रडू येत होतं, कारण तिला वाटत होतं की इतकी माया आपल्यावर कधी कुणी केली नव्हती. "जेवून घे," आई शेवटी म्हणाली. सदरा दोरीवर वाळत होता. कॉलरवर फक्त राखेच्या रंगाची एक सावली उरली होती, ठाऊक असणाऱ्यालाच दिसेल अशी.

ओरिएनं शिकवणीला जाणं सोडलं होतं; ऑगस्टच्या शेवटी सेन्सेईंची पत्नी माफी मागायला घरी येऊन गेली. ओरिए कामावर होती. परतली तेव्हा बाबांच्या फोटोपुढं योकानच्या वड्यांची लांबट पेटी होती, पुलाजवळच्या जुन्या मिठाईवाल्याची. "घ्यायची नव्हती गं," आई म्हणाली. "पण ती बाई उंबऱ्यात कपाळ टेकून बसली. उठेचना. शेजारच्या खिडक्या उघड्या. काय करू?" "परत पाठव." "पाठवते." दोन दिवसांनी पेटी दिसेनाशी झाली, आणि ओरिएला हलकं वाटलं. आता कठड्याला टेकून उभी असताना तिच्या जिभेवर अचानक एक चव आली. सप्टेंबरात एका संध्याकाळी आईनं चहाबरोबर योकानची वडी दिली होती. गडद तांबडी, मध्ये पिवळ्या चेस्टनटचा तुकडा. "कुणी दिली?" तिनं विचारलं होतं. "आली कुठूनतरी. खा." तिनं ती सावकाश, बांबूच्या काडीनं तुकडे करून खाल्ली होती. छान आहे, असं म्हणालीही होती. म्हणजे ती दिलगिरी तिनं स्वतःच चावून गिळली होती. पोटात गेली होती ती. पिशवीतली सफरचंदं एकमेकांवर आपटली तेव्हा तिला कळलं की आपण पुन्हा चालू लागलो आहोत.

वकील सोनोयामाबाईंचं ऑफिस चष्म्याच्या दुकानावर होतं. वकिलांनाही शिक्षकांसारखं सेन्सेईच म्हणायचं असतं. पहिल्या भेटीत तो शब्द ओरिएच्या तोंडातून निघेना, नुसते ओठ हलले. सोनोयामाबाईंनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मला सोनोयामासान म्हणा. माझा नवराही सेन्सेई म्हणत नाही, भांडणातसुद्धा." त्याच भेटीत त्यांनी वाटा समजावल्या होत्या. कामगार खात्यात ओरिए आधीच जाऊन आली होती. तिथल्या कारकुनानं फार अदबीनं विचारलं होतं, तुम्ही त्यांच्याकडं नोकरीला आहात का? नाही, मी फी देते. मग त्यानं मान लववली होती. नोकरी करणाऱ्यांसाठीच ती खिडकी होती. राहिल्या तीन वाटा. पोलिसांत फौजदारी तक्रार. न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा. नाहीतर तडजोड, म्हणजे ते रक्कम देणार आणि कागदावर एक वाक्य मागणार, की मी यांना क्षमा केली आहे, यांना शिक्षा व्हावी अशी माझी इच्छा नाही. "ते वाक्य त्यांना पैशापेक्षा महाग असतं," सोनोयामाबाई म्हणाल्या होत्या. "त्या वाक्यावर बहुतेक खटले उभेच राहत नाहीत." ओरिएनं तेव्हा खाली बघत विचारलं होतं, "पण मी नाही म्हटलं नव्हतं. मी मनगट सैल सोडलं." तिला वाटलं होतं, इथंच सगळं संपेल. सोनोयामाबाईंनी पेन खाली ठेवलं होतं. "नाही म्हणायला सवड मिळाली नाही, किंवा समोरच्याच्या स्थानामुळं म्हणता आलं नाही, तरी गुन्हा होतो. आता कायद्यात तसं लिहिलंय. ते मनगट तुमचं नव्हतं, त्यांनीच घडवलेलं होतं." हे शेवटचं वाक्य ओरिएनं घरी नेलं होतं आणि अनेक दिवस जपून वापरलं होतं.

आज सोनोयामाबाई हसल्या नाहीत. "त्यांच्या वकिलाचं उत्तर आलंय," त्या म्हणाल्या. "म्हणतात, ही शिकवण्याची रीत आहे, गैरसमज झाला. तरी पत्नीनं जाऊन दिलगिरी व्यक्त केली. कुटुंबानं ती स्वीकारली. इतकंच नाही, तर कृतज्ञतेनं परतभेट पाठवली." "नासपती?" ओरिएनं विचारलं. "हो. तुम्ही पाठवल्यात?" "आई." सोनोयामाबाईंनी डोळे मिटले आणि कपाळ चोळलं. "हे बघा, कादोवाकीसान. कायद्यात नासपतीला काही किंमत नाही. भेट घेतली म्हणजे क्षमा, असं कुठल्याही कलमात नाही. पण पोलीस आणि सरकारी वकील याच गावचे आहेत, आणि त्यांच्याही घरी परतभेटी जातात." "सुटणारी गाठ होती," ओरिए म्हणाली. "काय?" "पेटीवर. फुलाची." सोनोयामाबाईंना गाठ समजली होती. चेहऱ्यावरून ते लगेच कळलं, आणि ओरिएच्या मनात येऊन गेलं की मग सेन्सेईंनाही समजलीच असणार. अक्षरावर जगणारा माणूस. त्यानं ती दोरी किती वेळ पाहिली असेल. पुन्हा यावं, असं त्या पेटीवर बांधलेलं होतं.

"सदरा धुतला गेलाय," सोनोयामाबाई म्हणाल्या. "खोलीत तिसरं कुणी नव्हतं. अशा वेळी एक गोष्ट मोठी ठरते. घडल्यावर तुम्ही पहिल्यांदा कुणाला सांगितलं, आणि त्या माणसानं तुम्हाला कशा अवस्थेत पाहिलं. ते माणूस तुमची आई आहे. उद्या सकाळी आपण ठाण्यात जाऊ. त्या आल्या आणि त्या संध्याकाळी काय पाहिलं तेवढंच बोलल्या, तर नासपतीचंही उत्तर होईल. म्हणतील, मी म्हातारी बाई, रीत म्हणून पाठवल्या. येतील ना?" "येईल," ओरिए म्हणाली. तिनं हे इतक्या पटकन म्हटलं की तिलाच संशय आला.

आई पाठमोरी बसून मुळा किसत होती. ओरिएनं सफरचंदं बाबांपुढं ठेवली, घंटी वाजवली, हात जोडले. बाबा फोटोत थोडे ओशाळल्यासारखे दिसत, कुणीतरी नको असताना फोटो काढल्यासारखे. त्यांच्या थडग्यावरचं नाव कागेयामा सेन्सेईंच्या अक्षरात कोरलेलं होतं. सेन्सेईंनी त्याचं काही घेतलं नव्हतं. दर वर्षी थडगं धुताना ओरिए त्या अक्षरांच्या खाचांत बोट घालून शेवाळ काढायची, आणि किती छान वळण आहे, असं म्हणायची. "ताबेसान भेटले," ती म्हणाली. किसणीचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "तोंडाळ मेला," आई म्हणाली.

"का पाठवल्यास, आई?"

"मी कुणाचं देणं ठेवत नाही. तुला माहीत आहे."

"ते देणं होतं?"

"बाई दारात आली, डोकं टेकलं, वस्तू दिली. त्याला तू काय म्हणशील? आणि तुझ्या बाबांचं नाव त्यांनी..." आईनं वाक्य सोडून दिलं.

"आणि गाठ? फुलाची का?"

आईनं मुळा खाली ठेवला. हात पुसले. वळली तेव्हा तिचा चेहरा शांत होता, गल्लीतल्या बायकांना समजावताना असतो तसा. "तूच रडत होतीस ना, की आता हातात ब्रश धरवत नाही? लहानपणापासून दुसरं काय केलंस गं तू? लग्न नाही, मैत्रिणी नाहीत. तेवढं एक होतं. परवाना हाताशी आलेला. म्हटलं, आज ना उद्या तुझा राग शांत होईल. तेव्हा परत जायला दार तरी उघडं असावं. ती गाठ बघून त्यांना कळलं असेल की आमच्या मनात काही नाही. तुझ्यासाठीच बांधली ती."

आई खरं बोलत होती. तिनं खोटं सांगितलं असतं, विसरले म्हणाली असती, घाबरले म्हणाली असती, तर ओरिएला उभं राहायला जागा मिळाली असती. पण आईनं खरोखरच प्रेमानं तिला परत त्या खोलीत पाठवायची सोय करून ठेवली होती, आणि पेटीवर फूल बांधलं होतं. "उद्या माझ्याबरोबर ठाण्यात येशील?" तिनं विचारलं. आपला आवाज लहान मुलीसारखा झाला आहे हे तिला जाणवलं. "त्यांच्याविरुद्ध काही बोलू नकोस. नासपतीचंसुद्धा मी सांगेन. तू फक्त त्या संध्याकाळी काय पाहिलंस ते सांग. मी आले, कशी होते, काय म्हणाले."

"काय पाहिलं मी?" आई म्हणाली. ती पुन्हा किसणीकडं वळली होती. "कॉलरवर शाई होती. शाई तर तुझ्या कपड्यांवर नेहमीच असते."

"मी तुला सांगितलं होतं, आई. डाव्या हाताचं. इथंच उभी राहून."

"नळ चालू होता," आई म्हणाली. "मला नीटसं ऐकू नाही आलं."

नळ नंतर चालू झाला होता. सदरा काढल्यावर. ओरिएला ते पक्कं आठवत होतं: आधी शिंपल्यांचा आवाज, मग गॅसची कळ, मग शांतता, त्या शांततेत आपण बोललेलं शेवटचं वाक्य, मग भात, आणि मग नळ. इतके महिने ती ते पान उजेडापुढं धरून बघत होती. आता पहिल्यांदाच त्यावरची अक्षरं स्पष्ट दिसली. आणि त्याच क्षणी त्या संध्याकाळची दुसरी बाजूही दिसली. वाळायच्या आत. मूठ मूठ भात. काळी होत जाणारी शितं. आई तिच्या अंगावरचा डाग काढत होती, की घरातला? तिनं ते विचारलं नाही. विचारलं तर आई तेही प्रेमानंच सांगेल, अशी तिला भीती वाटली. दोघी जेवायला बसल्या. सारातले शिंपले उघडलेले होते. एक मिटलेला राहिला होता, तो आईनं काडीनं बाजूला काढला, खराब असतो म्हणून.

सकाळी ताबेसाननी दुकान उघडलं तेव्हा ओरिए बाहेर उभी होती, खांद्याला कपड्यांची मोठी बॅग. "नासपती हव्यात. छोटी पेटी." "हंगाम संपला हो आता, या शेवटच्या. जरा कडक लागतील." "चालतील. आणि गाठ मी मारते." ताबेसाननी लाल-पांढरी दोरी पुढं सरकवली. तिनं टोकं एकमेकांतून नेली. बोटांना अजून सगळं आठवत होतं, लहानपणी शिकवलेलं. "न सुटणारी?" ताबेसान चष्म्यावरून बघत म्हणाले. "कुणाचं लग्न की काय? का आजारी होतं कुणी?" "आजारी होतं." "बरं आहे ना आता?" "होईल." ती ओढू लागली. दोरी कागदात रुतली, टोकं वर ताठ झाली. "अहो सैल, जरा सैल सोडा हात," ताबेसान म्हणाले, "तुटेल ती!" ओरिएनं मनगट सैल सोडलं नाही. दोरी तुटली नाही.

आई दारातली पानं झाडत होती. ओरिएला येताना पाहून तिनं झाडू भिंतीला टेकवला. बॅगकडं पाहिलं, मग पेटीकडं. ओरिएनं पेटी दोन्ही हातांनी पुढं केली आणि वाकली, परक्याच्या घरी वाकतात तशी. आईनं दोन्ही हातांनी घेतली. तीही वाकली; शरीरच वाकलं तिचं. "अगं, हे काय आणि कशाला," ती सवयीनं म्हणाली, "आता मी याचं परत काय..." आणि तिचा अंगठा गाठीवर आला. तिथं थांबला. ओरिएनं तो थांबताना पाहिला.

"परत काही नको, आई," ती म्हणाली. "ही परतभेटच आहे."

कोपऱ्यावर सोनोयामाबाईंची पांढरी गाडी उभी होती. ओरिए तिथपर्यंत चालत गेली, दार उघडलं, बॅग आत ठेवली, आणि बसण्याआधी एकदाच वळून पाहिलं. आई दारातच होती. पेटी तिनं पोटाशी धरली होती आणि मान खाली घालून, नखानं, गाठीचं एक टोक सैल होतं का ते बघत होती.